घर सोडणे आणि घर सुटणे



निवृत्त झाल्यावर उरलेले आयुष्य हिंडण्याफिरण्यात घालवावयाचे ठरविले, तर राहते घर ठेवावे की सोडावे, हा आजचा विषय आहे. कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने पगार, बोनस, कामाचे तास ह्यांवर बोलावे. प्रवास हा सुखवस्तूंचा विषय, असे पुष्कळांना वाटेल. पण संघटनेच्या कचेरीत गेली अनेक वर्षे मी फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे अर्ज भरून देत आलो आहे. अर्जावर सही झाली की समोरचा माणूस थोडा वेळ बसतो, चहा घेतो आणि हळूच म्हणतो, "साहेब, पस्तीस वर्षे पाळीच्या भोंग्यावर उठलो. आता एकदा देश पाहावयाचा आहे. खोली विकून टाकू का?" हा प्रश्न मी फिटरकडून ऐकला आहे, साच्यावरच्या कामगाराकडून ऐकला आहे आणि बालवाडी चालविणाऱ्या बाईंकडूनही ऐकला आहे. ज्याला आयुष्यभर वर्षाकाठी मोजक्याच दिवसांची रजा मिळाली, त्याला हिंडण्याची भूक सुखवस्तूंपेक्षा अधिक असते, कमी नसते. तेव्हा त्या भुकेला 'म्हातारपणचे खूळ' म्हणून हसणाऱ्यांपैकी मी नाही. जावे, अवश्य जावे. प्रश्न एवढाच की, जाताना मागचे दार कसे लावावे.

प्रथम दोन शब्दांतला भेद स्पष्ट केला पाहिजे. घर सोडणे निराळे आणि घर सुटणे निराळे. सोडणारा माणूस निर्णय घेतो; तो उद्या परत येऊ शकतो. ज्याचे घर सुटते, त्याच्या बाबतीत निर्णय दुसऱ्याच कोणी घेतलेला असतो. रस्त्यावर दोघेही सारखेच दिसतात: पाठीवर पिशवी, हातात पाण्याची बाटली. पण पहिला प्रवासी असतो आणि दुसरा निर्वासित असतो. आपण पहिल्या वर्गात निघून नकळत दुसऱ्या वर्गात जाऊ नये, ह्यासाठी हा सारा विचार आहे.

अमेरिकेत हा भेद फार ठळकपणे पाहावयास मिळतो. तेथे निवृत्त झाल्यावर घर विकून, चाकांवरच्या घरात, म्हणजे स्वयंपाकघर आणि बिछाने असलेल्या मोटारीत, बारा महिने फिरणारे लोक आहेत. त्यांच्या 'एस्केपीज' नावाच्या संघटनेची स्थापना १९७८ साली झाली. घर विकून मोकळे झालेल्या ह्या लोकांना पहिल्याच महिन्यात एक गोष्ट कळते. ती ही की, माणसाला छप्पर नसले तरी चालते, पण पत्ता नसला तर चालत नाही. वाहनाचा परवाना, बँक, कर, मतदान ह्या सगळ्यांना पत्ता लागतो. म्हणून टेक्सास, फ्लॉरिडा, साउथ डकोटा ह्या राज्यांत टपाल पुढे पाठविणाऱ्या संस्था आहेत, आणि घर विकलेला माणूस तेथे पैसे भरून पत्ता विकत घेतो. दुसरी गोष्ट वयाबरोबर कळते. हात थरथरू लागले की मोटार हाकता येत नाही. तेव्हा ह्याच संघटनेने टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे एक केंद्र उभारले. तेथे थकलेले फिरस्ते आपापली गाडी उभी करून तिच्यातच राहतात आणि जेवणाखाण्याची व देखभालीची सोय त्यांना केंद्रातून मिळते. म्हणजे ज्यांनी घर नको म्हटले, त्यांनाच शेवटी सर्वांनी मिळून एक घर बांधावे लागले. संघटनेचा माणूस म्हणून मला त्यांचे कौतुक वाटते.

पण त्याच देशात दुसरे चित्रही आहे. नेवाडा राज्यात एम्पायर नावाचे गाव होते. जिप्समचा कारखाना आणि कामगारांची वसाहत, दोन्ही एकाच कंपनीची. जानेवारी २०११ अखेर कारखाना बंद झाला. त्याबरोबर कामगारांना घरेही सोडावी लागली, आणि पुढे त्या गावाचा टपाल क्रमांकसुद्धा बंद करण्यात आला. जेसिका ब्रुडर ह्या पत्रकार बाईंनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या 'नोमॅडलँड' ह्या पुस्तकात अशा म्हाताऱ्या माणसांची हकीकत आहे. २००८ च्या आर्थिक कोसळीनंतर ज्यांची घरे आणि पुंजी गेली, असे साठी-सत्तरीचे लोक मोटारीत राहतात आणि हंगामी कामासाठी गोदामातून शेतात, शेतातून छावणीत फिरत राहतात. त्यांना कोणी विचारले तर ते आपण स्वतंत्र आहोत असे सांगतात, आणि ते सर्वस्वी खोटे असते असेही नाही. परंतु ज्याला थांबता येत नाही, त्याच्या चालण्याला स्वातंत्र्य म्हणणे मला कठीण वाटते.

आपल्याकडे ह्या प्रश्नाचा विचार फार जुना आहे. आपल्या परंपरेत हिंडणाऱ्या माणसाचे तीन नमुने आहेत. पहिला वारकरी. आळंदी-देहूहून पालख्या निघतात आणि सुमारे तीन आठवड्यांनी पंढरपुरास पोहोचतात. वारकरी पेरणीची व्यवस्था लावून निघतो आणि परतून शेतातच येतो. त्याच्या गळ्यातली माळ उतरत नाही आणि घराचे दारही बंद होत नाही. दुसरा नमुना नर्मदेच्या परिक्रमावासीचा. पूर्ण परिक्रमेला तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस ही मुदत परंपरेने सांगितली आहे. हा दीर्घ प्रवास आहे, पण त्यालाही आरंभ आणि शेवट आहे. शिवाय चातुर्मासात त्याने एका जागी थांबावयाचे असते. तिसरा नमुना संन्याशाचा. त्याच्या वाटेला परतीचे वळण नाही. घर सोडले म्हणजे सोडले.

ह्या तिसऱ्या वाटेची किंमत महाराष्ट्राला चांगली ठाऊक आहे. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीस गेले आणि गुरूच्या आज्ञेने पुन्हा घरी आले, अशी कथा आपण सारे लहानपणापासून ऐकतो. त्यांच्या जाण्याला समाजाने हरकत घेतली नव्हती. हरकत घेतली ती परत येण्याला, आणि तिचा दंड चार मुलांनी भोगला. मी ह्या कथेतून एक साधा व्यवहार शिकलो. निघताना जग अडवीत नाही, फार तर हार घालते. परतताना मात्र ते कागद मागते. म्हणून परतीची सोय निघण्याआधी करावी लागते.

येथे कोणी गाडगेबाबांचे नाव घेईल. त्यांनी घर सोडले आणि जन्मभर हिंडले; २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचा देह पडला तोही अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ. खरे आहे. पण ह्या बेघर माणसाने आयुष्यभर काय बांधले? पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे धर्मशाळा बांधल्या. स्वतःला घर नको असलेल्या ह्या माणसाला पक्के माहीत होते की, वाटेवरचा प्रत्येक जण रात्री कोणाच्या तरी छपराखाली येतोच. प्रवास हा घराचा शत्रू नाही. तो कोणाच्या तरी घरावरच चालतो.

असो. आता व्यवहाराकडे वळू. घर ठेवावे की सोडावे ह्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण घर ही एक वस्तू नसून चार वस्तूंची मोळी आहे. ती सोडवून एकेक काठी निराळी पाहिली पाहिजे.

पहिली काठी निवाऱ्याची. ऊन, पाऊस, चोर ह्यांपासून संरक्षण. ही सर्वांत सहज मिळणारी वस्तू आहे. धर्मशाळा, भक्तनिवास, लॉज, भाड्याची खोली ह्यांतून ती पैसे देऊन मिळते. केवळ निवाऱ्यासाठी कोणी घर अडवून ठेवीत असेल, तर त्याला मी सोडावयास सांगेन.

दुसरी काठी पत्त्याची. येथे काळ पुष्कळ सुधारला आहे, हे मान्य केले पाहिजे. हयातीचा दाखला पूर्वी स्वतः जाऊन द्यावा लागे. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' योजना सुरू झाल्यापासून तो दुसऱ्या गावाहूनही देता येतो. शिधापत्रिकेवरचे धान्य परराज्यात घेण्याची सोय २०२२ पर्यंत देशभर पोहोचली. मतदार यादीचा कायदा १९५० सालचा आहे. त्यात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. तात्पुरते बाहेरगावी गेल्याने माणसाचे 'सामान्य रहिवासी' असणे संपत नाही. आणि नुसते घर मालकीचे आहे एवढ्याने तो तेथील रहिवासी ठरतही नाही. म्हणजे घर विकले तर पत्ता गेलाच, पण घर ठेवून कायमचे कुलूप लावले तरी पत्ता जाऊ शकतो. ज्याला खरोखरच घर नाही, त्याचेही नाव यादीत घेता येते. तो सांगतो त्याच जागी झोपतो की नाही, हे अधिकारी रात्री येऊन पाहतो. पण रोज निराळ्या गावी झोपणाऱ्याला अधिकाऱ्याने कोठे शोधावे?

तिसरी काठी हक्काची आणि चौथी माणसांची. ह्या दोन्ही जड आहेत, आणि निघताना नेमक्या ह्याच विसरल्या जातात.

हक्काचा विचार घराच्या प्रकाराप्रमाणे करावा लागतो. आपल्यापैकी पुष्कळांची घरे जुन्या भाड्याची आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ ह्याच्या सोळाव्या कलमात मालकाला जागेचा ताबा मागण्याची कारणे दिली आहेत. त्यांतले एक असे: सबळ कारणावाचून भाडेकरूने दाव्याआधी सतत सहा महिने जागा वापरली नसेल, तर तेवढ्यावरून ताबा मागता येतो. म्हणजे वर्षभराच्या प्रवासाला निघालेला भाडेकरू मालकाच्या हाती स्वतःच दाव्याचे कारण देऊन जातो. 'अधूनमधून येऊन देवाजवळ उदबत्ती लावतो' हा बचाव टिकणे कठीण. विजेचे बिल साक्षीला येते, आणि ते उलटतपासणीत डगमगत नाही. परस्पर पोटभाडेकरू ठेवणे हा तर आगीशी खेळ आहे. तेही ताबा गमावण्याचे कारण आहे. अशा खोलीतून निघणाऱ्याने आपल्याबरोबर राहणारा मुलगा किंवा मुलगी तेथे खरोखर राहील अशी व्यवस्था करावी, किंवा प्रवासाचे तुकडे पाडावेत. खोली कायमची सोडावयाची असेल, तर भाडेकरूचा हक्क हस्तांतरित करताना मिळणारा मोबदला ह्याच कायद्याने मान्य केलेला आहे. तेव्हा तो मालकाच्या संमतीने, लेखी आणि पावतीसह घ्यावा. अंधारात घेतलेला पैसा उजेडात टिकत नाही.

घर मालकीचे असेल, तर ते भाड्याने देऊन जाणे हा मधला मार्ग. त्यात 'लिव्ह अँड लायसन्स'चा करार लेखी असावा आणि नोंदविलेला असावा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. मुदत संपूनही राहणारा जागा सोडीत नसेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि दुप्पट शुल्क मागता येते. हे सारे नोंदलेल्या कागदाच्या बळावर. सहकारी गृहनिर्माण संस्था बिनभोगवटा शुल्क लावते; ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असा शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. घर नुसते बंद ठेवणार असाल, तर विम्याचा करार पुन्हा वाचा. घर सलग महिनाभर रिकामे राहिले तर संरक्षण कमी होते, अशी अट काही करारांत असते.

आणखी एक रस्ता पुष्कळांना सोपा वाटतो. घर मुलाच्या नावावर करून द्यावयाचे आणि निश्चिंत व्हावयाचे. महाराष्ट्रात राहत्या घराचे मुलाला, मुलीला किंवा पत्नीला केलेले बक्षीसपत्र अवघ्या दोनशे रुपयांच्या मुद्रांक शुल्कावर होते. स्थानिक अधिभार काय तो निराळा. करण्यास इतके स्वस्त असलेले हे काम उलटविण्यास अतिशय महाग आहे. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ सालचा कायदा असे म्हणतो की, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मागता येते. पण ती अट कागदात स्पष्ट लिहिलेली असावी. नाहीतर म्हातारपणी ती सिद्ध करीत न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. माझे म्हणणे असे की मुलांना मृत्युपत्राने द्या. हयातीत द्यावयाचेच असेल, तर दोघांनाही मरेपर्यंत तेथे राहण्याचा हक्क लिहून ठेवा. ह्यात मुलांवर अविश्वास नाही. आम्ही चांगल्या मालकाशीही करार लेखीच करतो, कारण चांगल्या माणसाची परिस्थितीही बदलते.

आता आकड्यांकडे येऊ. उदाहरणादाखल एक जोडपे घ्या. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून २० लाख रुपये आहेत, निवृत्तिवेतन दरमहा ३,००० आहे, आणि सदनिकेची किंमत २५ लाख आहे. व्याज आठ टक्के धरू. घर विकले तर ४५ लाखांवर दरमहा ३०,००० व्याज, अधिक निवृत्तिवेतन, म्हणजे ३३,००० झाले. घर न विकता ९,००० रुपये भाड्याने दिले, वर्षातला एक महिना ते रिकामे राहिले, आणि संस्थेचे शुल्क, कर व दुरुस्ती ह्यांना दरमहा १,६०० लागले, तर हाती सुमारे ६,६५० पडतात. व्याजाचे १३,३०० आणि निवृत्तिवेतन धरून बेरीज जवळजवळ २३,००० होते. दोघांच्या धावत्या प्रवासाला रोज १,००० रुपये धरा, म्हणजे महिन्याला ३०,०००. पाहा, आकडे काय सांगतात? घर विकले तर भागते. ठेवले तर भागत नाही. म्हणूनच माणसे घर विकतात. ती मूर्ख नसतात. त्यांनी हीच बेरीज केलेली असते.

पण ही बेरीज पहिल्या वर्षाची आहे. महागाई दरसाल सहा टक्के धरली, तर आजचे ३०,००० दोन वर्षांनी ३३,७०० होतात आणि दहा वर्षांनी जवळजवळ ५३,७००. उत्पन्न मात्र ३३,००० वरच उभे राहते. म्हणजे दोन वर्षांतच मुद्दल खावयास सुरुवात होते. त्याच सहा टक्क्यांनी चढले, तर विकलेले २५ लाखांचे घर दहा वर्षांनी पावणेपंचेचाळीस लाखांचे झालेले असते आणि ते परत घेणे आपल्या आवाक्यात राहत नाही. घर विकणारा प्रवासी दोन्हीकडून कापला जातो.

मग उपाय? घर विकण्याआधी वेग विका. धावत्या प्रवासात पैसा जातो तो मुख्यतः तिकिटांवर, लॉजवर आणि हॉटेलच्या ताटावर. धर्मशाळेत सहसा तीन रात्रींहून अधिक थारा मिळत नाही, म्हणून धावत्या माणसाला रोज नवे छप्पर विकत घ्यावे लागते. त्याऐवजी लहान गावात महिनाभर खोली घेऊन, शेगडी मांडून राहिले, तर रोज ६०० रुपयांत दोघांचे भागण्यासारखे आहे. म्हणजे महिना १८,०००. घर भाड्याने देऊन मिळणाऱ्या २३,००० मधून दरमहा ५,००० औषधपाण्यासाठी उरतात. महागाई ह्या शिलकेलाही कुरतडील, पण भाडेही थोडेबहुत चढेल आणि पाठीशी घर शाबूत राहील. शिवाय महिनाभर राहिल्याशिवाय गाव कळत नाही, हे तुम्ही जाणताच.

तिकिटांचा विषय निघाला म्हणून सांगतो. रेल्वेतील ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. तिच्या जुन्या आठवणीवर अंदाजपत्रक आखू नका. एसटीने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास दिला आहे आणि पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धे तिकीट आहे. मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांनाही अर्धे तिकीट झाले. म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेला पुरुष पुढची सात वर्षे बायकोच्या दुप्पट भाडे देऊन तिच्या शेजारी बसणार. आयुष्यभर घरकामाची मजुरी न मिळालेल्या बाईला एवढा न्याय मिळाला, तर आपण तक्रार करू नये.

ह्यावरून मुख्य मुद्द्याकडे येतो. निवृत्त होतो तो पुरुष. घरात चूल सांभाळणाऱ्या बाईला निवृत्तीचे पत्र कोणी दिलेले नसते. "आम्ही घर सोडून फिरणार" असे नवरा सांगतो, तेव्हा मी बाईंकडे पाहतो. एक बाई मला म्हणाल्या, "ह्यांना कारखान्यातून सुटका पाहिजे. मला स्वयंपाकातून पाहिजे. ती शेगडीसकट प्रवासात कशी मिळणार?" दुसऱ्या बाई म्हणाल्या, "ह्या घराची फरशी मी तीस वर्षे पुसली. ती विकावयाची की नाही, हे मला शेवटी का विचारता?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. घर विकण्याचा निर्णय एकट्याच्या सहीचा नसावा. दस्तावर दोघांची नावे नसतील, तर प्रवासाच्या पिशव्या भरण्याआधी ती घालून घ्या. आणि शेगडी बरोबर नेणार असाल, तर ती पेटविण्याची पाळी लावा. पाळी म्हणजे काय, हे आपल्याला शिकवावे लागत नाही.

आता चौथी काठी, माणसांची. आमच्या एका सोबत्याने घर विकले आणि पत्नीसह प्रवासास निघाला. तीन वर्षे चांगली गेली. चौथ्या वर्षी परमुलखात घाटाच्या पायरीवर पत्नीचा पाय घसरला आणि मांडीचे हाड मोडले. इस्पितळात उपचार नीट झाले, पैसाही पुरला. पण घरी सोडताना डॉक्टरांनी विचारले, "ह्यांना तीन महिने अंथरुणावर ठेवावयाचे आहे, कोठे नेणार?" ह्या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हते. शेवटी पुतण्याच्या दोन खोल्यांच्या घरात पाच माणसांमध्ये त्या बाईंनी ते दिवस काढले. सत्तर वर्षांवरील सर्वांना पाच लाखांपर्यंतच्या उपचाराची आयुष्मान योजना ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली, ही मोठी गोष्ट आहे. पण योजना इस्पितळाच्या खाटेचा खर्च देते. बरे होण्याची खाट घरातच लागते, आणि त्या खाटेशेजारी पेज घेऊन येणारी शेजारीण कोणत्याही योजनेत मिळत नाही.

त्याहूनही कठोर गोष्ट बोलावयास हवी. दोघे मिळून निघाले तरी शेवटी एकाने एकट्याने परतावयाचे आहे. बहुधा ती बाई असते. त्या दिवशी तिने कोणत्या स्टेशनवर उतरावयाचे, हे आजच ठरविले पाहिजे. तिच्या पिशवीत किल्ली असावी, दस्तावर नाव असावे आणि नवऱ्याचे मृत्युपत्र असावे. संस्थेकडे केवळ नामनिर्देशन केले म्हणजे मालकी मिळाली, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे.

कामगारांचा इतिहास ह्याच गोष्टीची साक्ष देतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. एवढा लांबलेला संप संघटनेच्या तिजोरीवर निभणे शक्यच नव्हते. पुष्कळ जण कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी गेले. गावचे घर पडके होते, भावांच्या वाटणीचे होते, पण तेथे ताटलीत भाकरी पडत होती. गावचे घर हा गिरणीकामगाराचा न दिसणारा संपनिधी होता. त्याने मुंबईत पिढ्या काढल्या, पण गावच्या उंबऱ्यावरचा हक्क सोडला नाही, म्हणूनच तो तितके दिवस उभा राहू शकला.

ह्या साऱ्यावरून माझे मत असे झाले आहे. आमच्या जुन्या स्थायी आदेशांत एक तरतूद होती. रजेवर गेलेल्या कामगाराचा त्याच्या जागेवर हक्क राही. त्याला कचेरीच्या भाषेत धारणाधिकार म्हणत. रजा संपून आठ दिवसांत तो परतला नाही, तर तो हक्क जाई. घराच्या बाबतीतही निवृत्ताने राजीनामा न देता रजा घ्यावी. पहिल्या वर्षी काहीही विकू नये. घर मालकीचे असेल, तर अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर द्यावे आणि सावकाश हिंडावे. भाड्याची खोली असेल, तर आपल्याच जुन्या पद्धतीने चालावे. बौद्ध भिक्षू वर्षावासाला तीन महिने थांबत, जैन मुनी आजही चार महिने थांबतात. घरदार नसलेल्यांनीसुद्धा पावसाळा एका छपराखाली काढावा असा हा नियम आहे, तर आपण त्यांच्याहून कणखर आहोत काय? पावसाळ्याचे चार महिने घरी काढावेत. उरलेल्या आठ महिन्यांचे दोन तुकडे करावेत आणि मध्ये महिनाभर घरी खरोखर राहावे. त्यामुळे कायद्याचे सहा महिने भरत नाहीत, गळके छप्पर वेळेवर दिसते, वाळवीला राज्य मिळत नाही आणि शेजाऱ्यांची नातवंडे आपल्याला ओळखेनाशी होत नाहीत.

वर्षानंतर दोघांनी समोरासमोर बसून स्वतःला विचारावे: ह्या वर्षात घराची आठवण किती वेळा आली, आणि कशासाठी आली? निवाऱ्यासाठी आली असेल, तर ते घर विकून लहान घ्यावे. माणसांसाठी आली असेल, तर त्या माणसांजवळच घ्यावे, मग एक खोली का असेना. मोठे घर विकून लहान घेण्यास माझी हरकत नाही. जिने चढवत नाहीत अशा तिसऱ्या मजल्यावरचे, कर्जाखाली दबलेले किंवा भावांच्या भांडणात अडकलेले घर विकून मोकळे होणे हाच शहाणपणा आहे. माझा आग्रह घराच्या आकाराचा नाही आणि जागेचाही नाही. दोघांच्या नावाने, कोणाची परवानगी न घेता, रात्री दहा वाजतासुद्धा उघडता येईल असे एक दार ह्या जगात असले पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. विंचवाला ते जमते, कारण त्याला फंड नसतो, गुडघेदुखी नसते आणि मागे राहणारी विधवा नसते. माणसाने पाठीवर घ्यावे ते दोन धडुत्यांचे गाठोडे. बिऱ्हाडाची किल्ली कमरेला असावी. ती किल्ली ज्याच्या कमरेला आहे, त्याने खुशाल केदारपासून कन्याकुमारीपर्यंत जावे. पस्तीस वर्षे घाम गाळून त्याने तो हक्क मिळविला आहे, आणि मिळविलेला हक्क न वापरणे हेही आमच्या संघटनेच्या शिस्तीत बसत नाही.